सुखदेव काकाजींचा मेक्सिको

मेक्सिको देशाबद्दल आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, थोडंफार सांगता येईल. तिथे टरबुजाला तिखट लावून खातात. तिथले गतिरोधक आपल्याकडच्या गतिरोधकांचे थोरले भाऊ शोभतील असे आहेत. मक्याच्या पातळ भाकरीत दिसेल ते गुंडाळून खायची पद्धत आहे. आणि तिथली कुत्री दारात बसत नाहीत, घराच्या गच्चीवर उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्यावर वरून भुंकतात. दारव्ह्यातल्या एका गल्लीला हे ठाऊक असायचं तसं काही कारण नाही. ते सगळं एकाच माणसाकडून आलं, आणि तो माणूस जाऊन आता वर्ष होत आलं.

सुखदेव काकाजी माझे शेजारी. त्यांच्या नि माझ्या अंगणात कमरेएवढी भिंत. आयुष्यभर त्यांनी यवतमाळ ते दारव्हा काळीपिवळी चालवली. काळीपिवळी म्हणजे ती प्रवासी जीप, जिच्यात किती माणसं बसावीत हे कंपनी ठरवते आणि किती बसतात हे ड्रायव्हर ठरवतो. मी यवतमाळला डी.एड. करत होते तेव्हा रोज संध्याकाळी त्यांच्याच जीपनं परत यायची. स्टँडबाहेर बाकीचे ड्रायव्हर घसा फोडून ओरडायचे, प्रवाशाच्या हातातली पिशवी ओढायचे. काकाजी तसलं काही करायचे नाहीत. जीपच्या दरवाजाच्या पत्र्यावर तळहातानं दोन थापा मारायच्या आणि म्हणायचं, "लाडखेड, बोरी, दारव्हा! चाला, दारव्हा!" शेवटच्या दारव्ह्याला आवाज खाली यायचा, घरातल्या माणसाला जेवायला हाक मारावी तसा. गर्दीत कुठेही असले तरी मला तो ऐकू यायचा.

त्यांच्या जीपचे काही कायदे होते. गाडी सुरू करण्याआधी ते मागे वळून विचारायचे, "बसले का सारे?" आणि मागून कुणीतरी "बसलो" म्हणेपर्यंत किल्ली फिरवायचे नाहीत. एकदा पुढच्या सीटवर कुठल्याशा खात्याचे साहेब होते. ते वैतागून म्हणाले, "अहो, बसलेत सगळे, दिसत नाही का तुम्हाला?" काकाजी शांतपणे म्हणाले, "दिसते ना साहेब. पन मागून आवाज नाई आला." शेवटी मीच मागून "बसलो" म्हणून ओरडले, तेव्हा गाडी हलली. उतरताना प्रत्येकाला एकच सूचना असायची, "दरवाजा हळू लावा बाप्पा, म्हातारी झाली ते." ही म्हातारी म्हणजे जीप. त्यांनी ती घेतली तेव्हापासून ती म्हातारीच होती.

दुसरा कायदा आम्हाला फार छळायचा. रस्त्यात कुणी हात दाखवला की काकाजींना पुढे जाताच यायचं नाही. गाडीत मुंगी शिरायला जागा नसली तरी ते थांबायचे, काच खाली करायचे आणि म्हणायचे, "जागा नाई बाप्पा, मांगची गाडी येऊन राह्यली." जागा नाही हे सांगायला गाडी थांबवणारा दुसरा ड्रायव्हर मी पाहिलेला नाही. आम्ही आत घामाघूम होऊन बडबडायचो. ते म्हणायचे, "त्यानं हात दाखवला ना राजेहो. उत्तर द्यावं लागते."

बायको, वत्सलाकाकू, विहाराच्या कामात असायची. मुलगा एकच, प्रशांत. तो शिकत गेला तसा लांब जात गेला, आधी पुसद, मग पुणे, मग टेक्सास. काकू गेल्या तेव्हा तो आला, सगळं नीट केलं, आणि परत जाताना बापाला सहा महिन्यांसाठी घेऊन निघाला. काकाजींची तयारी नव्हती. जीप तेव्हा रस्त्यावरून उतरून अंगणात आली होती, चाकं काढून विटांवर चढवलेली, माझ्या भिंतीला लागून. "हिले कोन पाह्यन?" म्हणत ते तिच्याभोवती फिरत होते. मी म्हटलं, "मी पाहीन. ती पळून जाणार नाही." त्यांना ते आवडलं नाही.

तिकडचं त्यांनी मला हळूहळू सांगितलं, हिवाळ्यात भिंतीवर सूप ठेवून आम्ही दोघं तुरीच्या शेंगा सोलत असलो की. "रस्ते बम मोठे, मास्तरीनबाई. पन माणूस नाई दिसत. सून नोकरीपायी दुसऱ्या गावी राह्यते म्हने. सकाळी पोट्टा जाये कामावर, मंग मी आन दोन कुत्रे." एक मोठा काळा कुत्रा होता, त्याचं अमेरिकेतलं नाव कूपर. काकाजींनी पहिल्याच दिवशी त्याचं काळ्या करून टाकलं, आणि कुत्र्यानं हरकत घेतली नाही. दुसरी लहान, पांढरी, भित्री. तिचं झालं चिमणी. दिवसभर बोलायला कुणी नाही. एके दिवशी ते घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये गेले, तिथे प्रशांतची मोठी गाडी उभी होती. तो ऑफिसला छोटी गाडी न्यायचा. काकाजींनी मोठीचं मागचं दार उघडलं, पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि हाक दिली, "लाडखेड, बोरी, दारव्हा!"

काळ्या उडी मारून आत बसला. मागोमाग चिमणी. काकाजी पुढे जाऊन स्टिअरिंगवर बसले, मागे वळले, "बसले का सारे?" काळ्या भुंकला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? बसलो घंटाभर. कोठी जायाचं होतं?" असं म्हणून ते हसले. मला काही हसू आलं नाही. एक म्हातारा माणूस परक्या देशात बंद गाडीत दोन कुत्र्यांना घेऊन बसला आहे, हे डोळ्यांपुढून हलेना. ते रोज असंच करायचे म्हणे. गॅरेजचं दार उघडून समोर बघत बसायचे. रस्त्यानं कुणी जायचंच नाही.

मेक्सिकोचा प्रवास काळ्यामुळे झाला. प्रशांतला मोठी सुटी मिळाली होती, त्याचा एक जुना मित्र मेक्सिकोत राहायचा. विमानानं जाणं सोपं होतं, पण काळ्या थोराड आणि वयस्कर, आणि कुत्र्यांच्या पाळणाघरात ठेवला की अन्न सोडायचा. म्हणून गाडीनं निघाले, बाप, लेक आणि दोन कुत्री. काकाजींना गाडी चालवायला परवानगी नव्हती. ते बाजूला बसून प्रशांतला गाडी शिकवत गेले. गतिरोधक आला की म्हणायचे, "तिरपी घाल, तिरपी." एका गावात त्यांना प्रवासी व्हॅनचा अड्डा दिसला. एक माणूस दारात लटकून गावांची नावं ओरडत होता आणि पत्र्यावर थाप मारत होता. काकाजींनी गाडी थांबवायला लावली, उतरून त्या माणसाकडे गेले, त्याच्या व्हॅनच्या पत्र्यावर स्वतः दोन थापा मारल्या आणि "दारव्हा, दारव्हा!" करून परत आले. तो माणूस हसला आणि त्यानंही ओरडून पाहिलं. "त्याले दारव्हा म्हनता आलं बरं का बरोबर," हे सांगताना काकाजींचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

आणि मग त्यांनी तो घोळ घातला.

उजाड, काटेरी मुलूख, दुतर्फा निवडुंग, आणि रस्त्याच्या कडेला एक बाई उभी. डोक्याला रुमाल, काखेत टोपली. तिनं हात वर केला.

"थांबव!" काकाजी ओरडले. "सीट आहे!" काळीपिवळीच्या भाषेत सीट म्हणजे प्रवासी.

"बाबा, ते सीट नोहे, ते इकून राह्यली काहीतरी..."

पण बापानं थांब म्हटलं की थांबायचं हे प्रशांतच्या पायाला लहानपणापासून ठाऊक. त्यानं ब्रेक मारला. काकाजी खाली उतरले, मागचं दार सताड उघडलं आणि बाईला म्हणाले, "या मावशी. ए काळ्या, सरक तिकडे." बाईला कुठे जायचंच नव्हतं. ती तिखट लावलेल्या आंब्याच्या फोडी विकत होती. ती फोड पुढे करून काहीतरी म्हणाली, तेवढ्यात समोरून एक ट्रक भोंगा वाजवत गेला, आणि काळ्या बिथरून तिच्या बाजूनं उडी मारून निवडुंगात पसार झाला. चिमणी सीटखाली घुसली म्हणून वाचली.

प्रशांत त्याच्यामागे धावला. "कूपर, कूपर" करत कुठल्या कुठे जाऊन आला. हातापायांना काटे, शर्ट फाटलेला. परत येऊन बापावर फुटला. "कोनं सांगतलं होतं तुम्हाले दरवाजा उघडाले? हे यवतमाळ आहे का?" आणि तिथेच गाडीला टेकून रडायला लागला.

हे सांगताना काकाजींनी शेंग सोलायची थांबवली होती. "मी पाहातच राह्यलो, मास्तरीनबाई. माय मेली तवा नव्हता रडला एवढा. मंग माह्या डोक्यात आलं, की याच्या घरात दुसरं कोनी नाई. एवढे दिवस राह्यलो त्याच्यापाशी, पन मले ते दिसलंच नव्हतं."

तिकडे त्या रस्त्यावर ते गाडीच्या दाराशी गेले आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. "लाडखेड, बोरी, दारव्हा! चाला, दारव्हा!" काही नाही. पुन्हा. आंब्याची बाई टोपली खाली ठेवून उभी राहिली होती. पुन्हा. घसा बसला तरी म्हणत राहिले, ओरडून नव्हे, स्टँडवर म्हणायचे तसंच. बऱ्याच वेळानं निवडुंगातून काळ्या आला, लंगडत, अंगभर काटे, आणि कुणाकडेही न बघता उडी मारून आपल्या जागेवर बसला. बाईनं खिडकीतून आंब्याची फोड आत दिली.

काकाजी पुढे येऊन बसले. मागे वळले. "बसले का सारे?" काळ्या भुंकला नाही, तो जीभ काढून धापत होता. प्रशांत स्टिअरिंग धरून समोर बघत होता. काकाजी थांबले. किल्ली त्यांच्या हातात नव्हती, पण सवय ती सवय. शेवटी प्रशांतच म्हणाला, "बसलो, बाबा."

पुढच्या गावात एका खानावळीबाहेर दुपारभर दोघं बाप-लेक काळ्याच्या अंगातले काटे काढत बसले. तेव्हा प्रशांतनं सांगितलं की बायको घर सोडून गेली आहे आणि चिमणीलाही ती नेणार आहे. काकाजींनी गल्लीत टरबूज, गतिरोधक, गच्चीवरची कुत्री सगळं सांगितलं, पण हे नाही सांगितलं. मला सांगितलं ते फार उशिरा आणि दुसऱ्याच कारणानं.

ते कारण असं. काकाजी दारव्ह्याला परत आले आणि काळ्यानं खाणं सोडलं. तोवर प्रशांतचा फोन सणावाराला यायचा. तब्येत कशी, बरी आहे, तू कसा, बरा आहे, ठेवू का, ठेव. बापाला बोलता यायचं ते रस्त्यात लागणाऱ्या गोष्टींबद्दल, आणि फोनवर रस्ता नसतो. आता एका संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. "बाबा, काळ्या चार दिवसांचा उपाशी आहे. जरा हाका मारा त्याले."

आमच्याकडे नेटवर्क धड मिळतं ते फक्त माझ्या भिंतीजवळ, म्हणजे त्यांच्या जीपजवळ. काकाजी फोन घेऊन तिथे आले, बोनेटवर उभा केला, दरवाजावर दोन थापा आणि हाक. मी भिंतीवरून वाकून पाहिलं. त्या एवढ्याशा काचेत एक काळं थोराड कुत्रं उठून उभं राहिलं, इकडेतिकडे बघितलं आणि वाडग्यात तोंड घातलं. प्रशांत तिकडे हसत होता. काकाजी इकडे हसत होते. मग बाप-लेकांत काळ्याच्या पोटावरून, औषधावरून, काय घालावं काय नाही यावरून बोलणं सुरू झालं ते मी दिवा लावून येईपर्यंत चाललं होतं.

तेव्हापासून रोजचा नेम झाला. आमच्याकडे ऊन उतरलं की तिकडे सकाळ व्हायची, आणि जीपच्या पत्र्यावर थापा पडायच्या. माझे मिस्टर बाभुळगावला नोकरीला, शनिवारी येतात. आठवडाभर माझ्या घरात जो काही आवाज असायचा तो तेवढाच. वर मी तक्रारही करायची, खोटं कशाला बोलू. जीपखाली मांजरीनं पिल्लं घातली, पावसाळ्यात एकदा साप निघाला. भंगारवाला दर पंधरवड्याला येऊन उभा राहायचा आणि काकाजी त्याला पाणी पाजून परत पाठवायचे. मी एकदा म्हटलं, "काकाजी, थापच मारायची ना? माझ्या फाटकावर मारा."

त्यांनी माझा मान ठेवला. संध्याकाळी फोन माझ्या भिंतीवर ठेवून माझ्या लोखंडी फाटकावर दोन थापा मारल्या. काचेतल्या काळ्यानं एक कान उचलला आणि परत टाकला. मग जीपच्या दारावर मारल्या. तो उठून बसला. "पाह्यलं?" काकाजी म्हणाले. त्यानंतर मी जीपचं नाव काढलं नाही.

त्याच दिवशी त्यांनी मला प्रशांतच्या घरचं सारं सांगितलं. म्हणाले, "काळ्या आहे म्हणून फोन आहे, मास्तरीनबाई. नाईतर पोट्टा माह्याशी काय बोलन? आन मी त्याच्याशी?" मी म्हटलं, असं कसं, मुलगा आहे तुमचा. ते जीपचा पत्रा फडक्यानं पुसायला लागले. शाळेत पोरांना समजावताना मी जो आवाज काढते तो मी काढला होता, आणि तो त्यांना बरोबर कळला होता.

काळ्या म्हातारा होत गेला. आधी उठून उभा राहायचा, मग नुसता बसायचा, मग पडल्या पडल्या शेपटी आपटायचा. काकाजी थाप मारायला लागले की मी हातातलं काम टाकून भिंतीशी यायची. आणि मग एका संध्याकाळी प्रशांत म्हणाला, "झोपला आहे तो, बाबा. आज नका उठवू." फोनमध्ये नुसता त्याचा चेहरा होता. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. काकाजी "बरं" म्हणायचे, आणि तरी थापा मारायचे, हाक द्यायचे. "झोपेत आयकू जात असन त्याले," म्हणायचे. मग दोघं काळ्याच्या औषधाबद्दल बोलायचे.

आठवड्यानं ते स्वतःच भिंतीशी आले. "मेला तो, मास्तरीनबाई."

"प्रशांत बोलला?"

"नाई. मांगं त्याचं पान्याचं वाडगं दिसत होतं, ते नाई आता. तुम्ही बोलू नका त्याच्याशी."

"काहून पण, काकाजी? दोघांनाही माहीत आहे, तर..."

"त्याले सांगनं जड जाऊन राह्यलं. आन सांगून टाकलं, तर मंग उद्या कायचा फोन?" त्यांचा हात जीपच्या पत्र्यावर होता. थाप नव्हती, नुसता ठेवलेला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ते म्हणाले, "तुम्ही कायले रडता?" आणि घरात गेले. त्या दिवशीही ऊन उतरल्यावर फोन आला, त्या दिवशीही थापा पडल्या. माझ्या ओळखीच्या त्या आवाजात काही फरक नव्हता, आणि तेच मला ऐकवत नव्हतं.

त्याच महिन्यात माझी महागावला बदली झाली. सामान बांधून झालं त्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला म्हणून अंगणात आले, तर फोन सुरू झालेला. बोलण्यात कशाला जावं म्हणून भिंतीशीच थांबले. फोन रोजच्यासारखा बोनेटवर नव्हता. काकाजींनी तो जीपच्या आत डॅशबोर्डवर, बुद्धाच्या छोट्या पांढऱ्या मूर्तीला टेकवून ठेवला होता. काचेत प्रशांत होता, थोडा जाड झालेला, दाढी वाढलेली. त्याच्या मागे बंद गॅरेजचा अंधार होता आणि खांद्यामागे गाडीच्या सीटची कड दिसत होती. तो त्याच मोठ्या गाडीत बसला होता.

काकाजींनी बाहेरून दरवाजाच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. "लाडखेड, बोरी, दारव्हा! चाला, दारव्हा!" मग आत चढून विटांवरच्या त्या जीपच्या स्टिअरिंगवर बसले आणि मान मागे वळवली. मागची सीट रिकामी, फाटलेली, त्यावर मांजरीचे केस.

"बसले का सारे?"

फोनमधून काही आवाज आला नाही. मला वाटलं, नेटवर्क गेलं. काकाजी मान तशीच मागे ठेवून थांबले होते, स्टँडवर थांबायचे तसे, उत्तर आल्याशिवाय न हलणारे. मला वाटलं, मीच ओरडावं भिंतीवरून, पूर्वीसारखं. पण ते उत्तर माझं नव्हतं.

"बसलो, बाबा," प्रशांत म्हणाला. "मी एकटाच आहे."

काकाजींनी मान पुढे वळवली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"मंग दरवाजा हळू लाव," ते म्हणाले.